कुंपण आणि शेत : अँटिव्हायरसचा इतिहास आणि घरातली निवड



आजचा विषय अगदी घरातला आहे. एक लॅपटॉप, एखादा जुना डेस्कटॉप, माणशी एक मोबाइल, एवढं सामान हल्ली मध्यमवर्गीय घरात असतंच. त्याच्या रक्षणासाठी कुठलं अँटिव्हायरस घ्यावं, हा प्रश्न आपल्या श्रोत्यांकडून वरचेवर येतो. प्रश्न बाजारातला वाटतो. दुकानदार त्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात देईल आणि एक खोकं हातात ठेवील. पण या साध्या प्रश्नामागे पन्नास-एक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर निवड सोपी होते, असं आम्हांला वाटतं. शिवाय पणाला काय लागलं आहे तेही बघा. पूर्वी व्हायरस आला की एक मशीन बंद पडायचं, दुरुस्तीवाला येऊन जायचा, संपलं. आता त्याच यंत्रात पेन्शन आहे, मुदत ठेवी आहेत, सातबाऱ्याच्या प्रती आहेत, गेलेल्या माणसांचे फोटो आहेत. तेव्हा क्रमाने जाऊ.

गोष्ट सुरू होते १९७१ मध्ये, अमेरिकेत. आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप म्हणजे अर्पानेट. त्यावर मोजके संगणक एकमेकांना जोडलेले होते. बीबीएन नावाच्या कंपनीतल्या बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो एका संगणकावरून दुसऱ्यावर जायचा आणि पडद्यावर ‘जमलं तर मला पकडा’ अशा अर्थाचा संदेश दाखवायचा. नुकसान काही नाही, निव्वळ प्रयोग. पुढे रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’ लिहिला, म्हणजे कापणी करणारा. हे तेच टॉमलिन्सन, ज्यांनी ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’चं चिन्ह आणलं. रीपरचं काम एकच : क्रीपरला शोधायचं आणि पुसून टाकायचं. चोर आणि पहारेकरी ही जोडी अशी अगदी सुरुवातीलाच जन्मली, आणि दोघेही एकाच कंपनीच्या प्रयोगशाळेत.

पुढचा टप्पा आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. फ्रेड कोहेन नावाचा विद्यार्थी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत होता. १९८३ मध्ये त्याने स्वतःची नक्कल करत पसरणारा प्रोग्रॅम वर्गात करून दाखवला. ‘व्हायरस’ हा शब्द सुचवला त्याचे मार्गदर्शक लेन एडलमन यांनी. १९८४ च्या निबंधात कोहेनने प्रात्यक्षिकाच्या पुढे जाऊन एक सिद्धताही मांडली. कुठलाही प्रोग्रॅम समोर ठेवला की तो व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी अचूक सांगणारं अँटिव्हायरस असू शकत नाही. अजून जमलेलं नाही, असं त्याचं म्हणणं नव्हतं. ते तर्कतःच अशक्य आहे, असं म्हणणं होतं.

कसं ते बघू. समजा, असं अचूक अँटिव्हायरस कुणी केलं. आता आपण एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहू. तो सुरू झाला की आधी त्या अँटिव्हायरसलाच स्वतःबद्दल विचारतो, ‘काय हो, मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘आहेस’ असं आलं तर तो गप्प बसतो, पसरत नाही. म्हणजे तो व्हायरस नव्हताच. उत्तर ‘नाहीस’ असं आलं तर तो लगेच पसरतो. म्हणजे होता! दोन्हीकडून अँटिव्हायरस खोटं पडतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. ‘मी बोलतो ते सगळं खोटं’ असं एखादा म्हणाला, तर ते वाक्य खरं की खोटं? भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त या वाक्याचा विचार केलेला आहे. तोच पेच दीड हजार वर्षांनी संगणकाच्या पहाऱ्यात आडवा आला.

याचा घरासाठी अर्थ काय? खोक्यावर ‘शंभर टक्के संरक्षण’ असं लिहिलेलं दिसलं, तर ते वाक्य जाहिरातवाल्याचं आहे, गणिताचं नाही. पहारेकरी कितीही चांगला असला तरी काही चोर सुटणार आणि काही साव पकडले जाणार. मग चांगला पहारेकरी तो, ज्याच्या दोन्ही चुका कमी आहेत.

आता व्यवहारात येऊ. १९८६ मध्ये ‘ब्रेन’ आला. आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवरचा हा पहिला व्हायरस मानला जातो, आणि तो आला लाहोरहून. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला. आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना धरण्यासाठी लिहिला, असं त्यांचं सांगणं. गंमत म्हणजे त्यात त्यांनी स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले होते! फ्लॉपीच्या पहिल्या भागात तो बसायचा आणि फ्लॉपीबरोबर गावोगाव जायचा.

मग पहारेकऱ्यांचा धंदा उभा राहिला. १९८७ च्या सुमारास जर्मनीत जी डेटा, अमेरिकेत जॉन मॅकॅफी, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात ‘नॉड’चे कर्ते, असे ठिकठिकाणी लोक कामाला लागले. या सगळ्यांची मूळ पद्धत एकच. पोलीस चौकीत सराईत गुन्हेगारांचे फोटो लावलेले असतात ना, तशी. प्रत्येक व्हायरसचा एक ओळखीचा तुकडा यादीत नोंदवायचा आणि प्रत्येक फाइल त्या यादीशी ताडून बघायची. ही पद्धत आजही वापरात आहे. तिची मर्यादा उघड आहे : ज्याचा फोटो चौकीत नाही, तो चोर समोरून निघून जातो. म्हणून यादी सतत ताजी ठेवावी लागते. पुढे वागणुकीवर नजर ठेवण्याची पद्धत आली. अनोळखी माणूस रात्री दोन वाजता शंभर दारांची कुलपं चाचपतोय म्हटल्यावर त्याचा फोटो यादीत असो वा नसो, वॉचमनने शिट्टी वाजवायलाच हवी.

या धंद्याची दुसरी बाजू १९९२ मध्ये दिसली. ‘मायकेलअँजेलो’ नावाचा व्हायरस ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, हार्ड डिस्कवरची माहिती पुसून टाकणार होता. पन्नास लाखांपर्यंत संगणक बाधित असतील, असे आकडे मॅकॅफींच्या नावाने वर्तमानपत्रांत झळकले. अँटिव्हायरसचा खप धडाधड वाढला. ६ मार्च उजाडला आणि गेला. नुकसान झालेले संगणक निघाले दहा-वीस हजारांच्या घरात. व्हायरस खरा होता, पण भीती त्याच्या शेकडो पट मोठी विकली गेली. पहारेकऱ्याचा पगार चोराच्या भीतीवर अवलंबून असतो, हे खरेदी करताना विसरू नये.

याच काळात आपल्या पुण्यातही एक धागा सुरू झाला. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत करत संगणक दुरुस्तीकडे वळले. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला आलेल्या मशिनांमधले व्हायरस काढण्यासाठी संजय यांनी जी साधनं लिहिली, त्यांतून १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आलं. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे कंपनीचं नाव २००७ मध्ये बदलून क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. ही जाहिरात नव्हे. यातून दिसतं ते एवढंच की अँटिव्हायरसचा जन्म दुरुस्तीच्या टेबलावर झाला. गिऱ्हाईक समोर बसलेलं, त्याची अडचण समोर, आणि उपाय त्याच्या भाषेत सांगावा लागणार. हा हाकेच्या अंतरावरचा आधार घरातल्या ज्येष्ठांसाठी आजही मोलाचा आहे.

मग इंटरनेट आलं आणि चोराला फ्लॉपीची गरज उरली नाही. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेली ई-मेल फिलिपीन्समधून निघाली आणि दोन-तीन दिवसांत जगभर पोचली. प्रेमपत्र समजून लोकांनी ती स्वतःच्या हाताने उघडली. ज्याने ती लिहिली त्याच्यावर खटला उभा राहू शकला नाही, कारण त्या देशात तसा कायदाच नव्हता. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा त्याच वर्षी झाला आणि त्याच्या कलम ४३ मध्ये व्हायरस सोडण्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

२००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला. त्याला तर कुणी काही उघडण्याचीही गरज नव्हती. विंडोजमधल्या एका भोकातून तो थेट आत शिरायचा. तेव्हा एक मूळ प्रश्न उभा राहिला. घर बांधणाऱ्याने दाराला कडी न लावता घर विकायचं आणि कडी शेजारच्या दुकानातून आणा म्हणायचं, हे कुठवर चालणार? मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू ठेवली, २००९ मध्ये मोफत अँटिव्हायरस दिलं, आणि २०१२ मध्ये विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ या नावाने ते विंडोजमध्येच बसवून टाकलं. घरातल्या निवडीच्या दृष्टीने हे मोठं वळण आहे. त्याआधी अँटिव्हायरस विकत घेणं जवळपास सक्तीचं होतं. त्यानंतर ती निवड झाली.

आणि कडी असूनही लावली नाही तर? १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारी दुरुस्ती दिली. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ आला. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रकार दीडशे देशांतल्या दोन लाखांवर संगणकांत शिरला. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. मधले दोन महिने ज्यांनी अपडेट घेतलं होतं, त्यांच्या वाटेला तो गेला नाही. आपल्याकडे तर अनेक घरांत विंडोजच नक्कल केलेलं असायचं, आणि पकडले जाऊ या भीतीने अपडेट बंद ठेवलेलं. वर त्यावर फुकटात ‘क्रॅक’ केलेलं अँटिव्हायरस! चोराकडूनच कुलूप विकत घ्यावं, त्यातला हा प्रकार.

इथवर आपण चोराकडे पाहिलं. आता पहारेकऱ्याकडे पाहू. आपल्यात म्हण आहे, कुंपणच शेत खातं. अँटिव्हायरसला काम करायचं तर संगणकातला जवळजवळ सर्वोच्च अधिकार द्यावा लागतो. ते प्रत्येक फाइल वाचतं, आपण कुठल्या संकेतस्थळावर जातो ते बघतं, वाटेल ते पुसू शकतं. घराची किल्लीच म्हणा ना. मग ती दिल्यावर काय काय घडलं आहे?

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका सदोष अपडेटने विंडोज एक्सपीतली एक आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली. हजारो संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं बंद पडली. ते उत्पादन कंपन्यांसाठीचं, घरगुती नव्हे, पण आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

हे झाले अपघात. २०२० च्या जानेवारीत उघड झालं ते वेगळं. अव्हास्ट हे जगभर फुकट वापरलं जाणारं अँटिव्हायरस. लोक इंटरनेटवर काय काय बघतात याची माहिती त्याच्यामार्फत गोळा होत होती आणि ‘जंपशॉट’ या उपकंपनीकडून विकली जात होती. बोभाटा झाल्यावर उपकंपनी बंद केली गेली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. फुकटच्या पहाऱ्याची किंमत गिऱ्हाइकाने वेगळ्या खिशातून चुकवली होती.

त्याच २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने रशियन कंपनी कॅस्परस्कीच्या उत्पादनांच्या विक्रीवर आपल्या देशात बंदी घातली. कंपनीने आरोप नाकारले. वादात कोण बरोबर, याचा निवाडा आपण इथे करणार नाही. पण अनेक अमेरिकी गिऱ्हाइकांच्या संगणकावरून जुनं अँटिव्हायरस जाऊन दुसऱ्याच कंपनीचं आपोआप येऊन बसलं, एवढं खरं. एका वॉचमनने परस्पर आपल्या जागी दुसरा बसवावा, तसं. आणि दुकानात चार खोकी वेगळी दिसतात म्हणून चार कंपन्या वेगळ्या असतील असंही नाही. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली, नॉर्टनवाल्यांनी २०२१ मध्ये अविरा घेतली, २०२२ मध्ये नॉर्टन आणि अव्हास्ट एक झाले. आज या चारही नावांमागे जेन डिजिटल ही एकच कंपनी आहे.

म्हणून आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं. अँटिव्हायरस निवडताना आपण घराच्या किल्लीचा विश्वस्त नेमत असतो. तेव्हा ‘सगळ्यांत जास्त व्हायरस कोण पकडतं’ याच्या आधी दोन प्रश्न विचारावेत : आपल्या घरात चोर सध्या कुठल्या दाराने येतोय? आणि किल्ली कुणाला दिली, तर तो ती कशी वापरेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेल्या दहा वर्षांत बदललं आहे. चोर आता मोबाइलवरून येतो, आणि बहुतेकदा आपणच त्याला आत घेतो. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते, वाहनाच्या दंडाची पावती येते, वीज आज रात्री कापणार असा निरोप येतो. सोबत एक एपीके फाइल असते. ती उघडून ॲप बसवलं आणि मेसेज वाचायची परवानगी दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हातात. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये तर व्हायरसही लागत नाही. पोलिसाच्या वेषातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि घाबरलेला वृद्ध माणूस आपल्या हाताने पैसे पाठवतो. हे २००० सालच्या त्या प्रेमपत्राचंच पुढचं रूप आहे. तिथे लोभवलं, इथे घाबरवलं, दार दोन्हीकडे माणसानेच उघडलं. जगातलं कुठलंही अँटिव्हायरस हे दार पूर्ण बंद करू शकत नाही.

आता व्यवहाराचं बोलू. लॅपटॉपवर विंडोज ११ असेल, अपडेट वेळेवर होत असेल आणि डिफेंडर चालू असेल, तर सामान्य घराला तेवढं बहुतेक वेळा पुरतं. विकतचं घ्यावं ते नेमक्या कारणासाठी. मुलांच्या वापरावर लक्ष ठेवायचं आहे, चार-पाच यंत्रं एकाच जागेवरून सांभाळायची आहेत, किंवा आईवडील गावी एकटे आहेत आणि त्यांना फोनवर आपल्या भाषेत समजावणारं कुणीतरी हवं आहे. ही कारणं खरी आहेत. ‘शेजाऱ्याने घेतलं’ हे कारण नव्हे.

घ्यायचं ठरलं तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या चाचणी संस्थांचे निकाल खुले असतात, ते बघावेत. एकाच फेरीचा निकाल बघू नका, दोन-तीन वर्षांचे बघा. चोर किती पकडले याबरोबर साव किती पकडले, तो रकानाही बघा. मशीन किती मंदावलं, तेही बघा. मग कंपनीचा मालक कोण, माहिती कुणाला देते, आणि पहिल्या वर्षीच्या सवलतीनंतर दुसऱ्या वर्षी किती पैसे आपोआप कापले जाणार, हे वाचा. आणि एका संगणकावर दोन अँटिव्हायरस कधीही ठेवू नका. दोन वॉचमन एकमेकांनाच चोर समजून धरतात.

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज १० असेल, तर त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे लक्षात ठेवा. त्यावर महागडं अँटिव्हायरस घालणं म्हणजे भिंत पडलेल्या घराला भारी कुलूप लावणं. मायक्रोसॉफ्टची मुदतवाढीची सोय मर्यादित काळापुरती आहे. नाहीतर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

अँड्रॉइड फोनवर प्ले प्रोटेक्ट चालू ठेवा, ॲप फक्त प्ले स्टोअरमधून घ्या, आणि अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची परवानगी बंद करून टाका. एवढ्याने एपीकेचं दार बरंचसं लागतं. आयफोनमध्ये एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या आत डोकावताच येत नाही. त्यामुळे ‘आयफोनसाठी अँटिव्हायरस’ म्हणून जे विकलं जातं, ते संगणकावरच्या अँटिव्हायरसचं काम करू शकत नाही. आपल्या सरकारच्या सर्ट-इन या संस्थेचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २०१७ पासून व्हायरस काढण्याची साधनं मोफत देतं, तेही माहीत असावं.

शेवटची दोन कामं फुकट आहेत, आणि तीच सगळ्यांत जास्त राहून जातात. एक, फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. खंडणी मागणाऱ्या व्हायरसवर याच्याइतका खात्रीचा उतारा दुसरा नाही. दोन, १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये नोंदवा. फसवणूक झाल्यावर पहिल्या काही तासांत फोन गेला, तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता असते. म्हणूनच फसलेल्या माणसाला घरात बोल लावू नका. आता बोलणी खावी लागतील या भीतीने आजोबा दोन दिवस गप्प बसतात, आणि पैसे जातात ते त्या दोन दिवसांत.

हे व्याख्यान ऐकून झालं की घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाचा फोन हातात घ्या. त्यांच्या शेजारी बसा. अपडेट बाकी आहे का, कुठलं अनोळखी ॲप आहे का, हे त्यांना दाखवत दाखवत बघा. अर्धा तास लागेल. मग अँटिव्हायरस घ्यायचं की नाही, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.

 प्रश्न असतील तर आता घेऊ.